दहावीच्या गुणांत संगीत आहे, शाळेच्या वर्गात नाही

दहावीचा निकाल लागला की वस्तीत दोन दिवस पेढे आणि फ्लेक्स यांचीच चर्चा असते. आम्ही काही जण नाशिकमधल्या एका विहाराच्या वरच्या खोलीत अभ्यासिका चालवतो. निकालानंतर मुलांसोबत बसून गुणपत्रिका पाहायच्या, कोणती शाखा घ्यायची यावर बोलायचे आणि अकरावीचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायचे, हे आमचे दरवर्षीचे काम. गेल्या निकालानंतर हेच चालले असताना एका मुलीने विचारले, "दादा, आमच्या वर्गातल्या एकीला गाण्याचे दहा मार्क जास्तीचे मिळाले. तिला मी कधी स्टेजवर पाहिलं नाही. मी सहावीपासून गाते. मला का नाही मिळाले?"

ही मुलगी आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. तिचे आजोबा एका गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, रमाई जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन, कोणाची हळद, कोणाचे पुण्यानुमोदन, असा एकही कार्यक्रम नसेल जिथे तिला माइक दिला गेला नाही. आम्ही तिच्यासोबत बसून आठवेल तसे मोजले, तर आकडा पन्नासच्या पुढे गेला. तिच्या वर्गमैत्रिणीवर मात्र आमचा काही राग नाही. तिने पाचवीपासून क्लासला जाऊन तीन परीक्षा रीतसर दिल्या होत्या आणि नियमाप्रमाणे तिला गुण मिळाले. नियमाने कोणावर अन्याय केला असे वरवर पाहता म्हणता येत नाही. म्हणूनच हा नियम जरा नीट उलगडून पाहायला हवा.

२०१७ पासून महाराष्ट्रात दहावीच्या विद्यार्थ्यांना शास्त्रीय गायन, वादन, नृत्य, चित्रकला आणि लोककला यांसाठी वाढीव गुण दिले जातात. शास्त्रीय संगीताच्या मान्यताप्राप्त संस्थेच्या तीन परीक्षा उत्तीर्ण असतील तर १० गुण, पाच परीक्षा उत्तीर्ण असतील तर १५. लोककलेचे २५ प्रयोग केले असतील तर ५ आणि ५० प्रयोग केले असतील तर १०. प्रस्ताव शाळेमार्फत मंडळाकडे जातो आणि सोबत शासनमान्य संस्थेचे प्रमाणपत्र लागते. खेळाडूंना मिळणाऱ्या गुणांसारखीच ही सोय. कल्पना चांगलीच आहे. ज्या मुलाने रोज दोन तास तबल्यावर घालवले, त्याच्या मेहनतीची दखल गुणपत्रिकेने घ्यावी, यात वाईट काय?

हे गुण दिसायला थोडे वाटतात. पण दहावीची टक्केवारी उत्तम पाच विषयांवर, म्हणजे ५०० पैकी काढली जाते. त्यात १५ गुण म्हणजे सरळ तीन टक्के. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागला आहे. ज्यांनी ती गुणवत्ता यादी पाहिली आहे, त्यांना तीन टक्क्यांत किती कॉलेजे मागे-पुढे होतात ते सांगायला नको. आमच्या त्या मुलीला हवे ते कॉलेज मिळाले नाही. त्याने काही आभाळ कोसळले नाही, दुसरे मिळाले. आता ती दोन बस बदलून जाते. पण अकरावीला दोन बस बदलून जाणारी मुलगी बारावीपर्यंत टिकते की नाही, हे आपण सामाजिक कामातले लोक जरा जास्तच जवळून पाहत असतो.

आता पाच परीक्षांचा हिशेब करू. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आपल्याकडे सर्वांत जास्त दिल्या जातात. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण हा त्यांचा क्रम, आणि पुढे विशारद व अलंकार. साधारण वर्षाला एक परीक्षा धरली, तर दहावीत १५ गुण हवे असलेल्या मुलाला पाचवीतच क्लास लावावा लागतो. म्हणजे दहावीच्या गुणपत्रिकेतला हा निर्णय मूल दहा वर्षांचे असताना, त्याच्या घरात, आईवडिलांच्या माहितीवर आणि खिशावर होतो. क्लासची महिन्याची फी, घरी पेटी किंवा तबला-डग्गा, परीक्षेची फी, केंद्रावर न्यायला मोकळा असलेला एक मोठा माणूस. यातले काहीही शाळा देत नाही. शाळेचे काम फक्त शेवटी प्रस्तावावर सही करण्याचे.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला पिएर बोर्दिय शिकवला गेला, तेव्हा 'सांस्कृतिक भांडवल' ही संकल्पना परीक्षेपुरती पाठ केली होती. तिचा अर्थ गुणपत्रिका हातात घेतल्यावर नीट कळला. घरातून मिळालेली आवड, वळण आणि ओळखी यांना शाळा 'गुणवत्ता' हे नाव देते आणि मग ती सगळ्यांसाठी खुली असल्याचे सांगते. इथे तर ते शब्दशः घडते. घराने विकत घेतलेल्या शिक्षणाला बोर्ड गुणांत बदलून देते. आणि ज्या घराने मुलाला गाणे दिले पण पावती दिली नाही, त्या घराचे गाणे मोजणीत येत नाही.

कोणी म्हणेल, सरकारने प्रत्येक कलेची सोय कुठून करायची? पण चित्रकलेसाठी सरकारने ती केलेलीच आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा कला संचालनालय घेते. शाळेतच फॉर्म भरला जातो, शाळेतले कला शिक्षक तयारी करून घेतात, आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण मिळतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला मुलगासुद्धा रंगपेटी घेऊन त्या परीक्षेला बसू शकतो, आणि बसतो. आमच्या अभ्यासिकेतल्या मुलांना कलेचे जे गुण मिळाले, ते जवळजवळ सगळे चित्रकलेचे आहेत. कारण तिथे शाळा आणि मूल यांच्यामध्ये खासगी क्लास उभा नाही. संगीतात शासनाची अशी परीक्षाच नाही. ते काम पूर्णपणे खासगी संस्थांवर सोडले आणि नंतर त्यांच्या प्रमाणपत्राला सरकारी किंमत दिली.

शाळेत संगीत नाही असेही कागदावर म्हणता येत नाही. नववी-दहावीला 'स्व-विकास व कलारसास्वाद' नावाचा श्रेणी विषय आहे. त्याचे पुस्तक आहे, वेळापत्रकात तास आहे. त्या तासाला काय होते हे दहावीच्या कोणत्याही मुलाला विचारा. गणित होते. नाहीतर विज्ञान. गुणपत्रिकेवर मात्र सगळ्यांना चांगली श्रेणी असते. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. बहुतेक शाळांत कला शिक्षक म्हणजे चित्रकलेचेच शिक्षक, आणि ज्या शिक्षकाला स्वतः सूर लावता येत नाही त्याने कलारसास्वाद शिकवायचा कसा? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी, शंभराहून जास्त पटाच्या शाळेत कला शिक्षणाला अंशकालीन निदेशक असावा अशी तरतूद आहे. निदेशक अंशकालीन, आणि कायदाच आठवीला थांबतो. नववी-दहावी, जिथे गुण सुरू होतात, तिथे तेवढाही आधार नाही.

२०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते की अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय अशी भिंत ठेवायची नाही. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात नववी-दहावीला कला शिक्षण हा गणित-विज्ञानाच्या रांगेतला विषय म्हणून आला. महाराष्ट्राचा आराखडाही त्यामागोमाग आला आणि अंमलबजावणी पहिलीपासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. नववी-दहावीपर्यंत ती पोचेल तेव्हा कला विषय असेल, पण शिकवायला माणूस नसेल, अशी आम्हाला भीती आहे. तसे झाले तर आज जे वाढीव गुणांपुरते घडते, तेच एका पूर्ण विषयात घडेल. ज्यांच्याकडे क्लास आहे ते श्रेणी घेतील. म्हणून मागणी आत्ता केली पाहिजे. पुस्तके छापून झाल्यावर निवेदने देऊन उपयोग होत नाही, हा आपला जुना अनुभव.

आता जरा आपल्या घरात डोकावू. आमच्या त्या मुलीला लोककलेच्या रकान्यातून १० गुण मिळू शकले असते. पन्नास प्रयोग तिचे झाले होतेच. मग अडले कुठे? पुराव्यात. तिच्याकडे काय होते? तीन सन्मानचिन्हे, एक शाल, मोबाइलमधले काही व्हिडिओ आणि एका मंडळाची पत्रिका, ज्यात तिचे नाव 'व इतर बालकलाकार' या तीन शब्दांत होते. तिला बोलावणारी मंडळे आपली. त्यांच्याकडे लेटरहेड आहे, शिक्का आहे, दरवर्षी वर्गणीचा अहवाल छापला जातो आणि ५०१ रुपये देणाऱ्याचेही नाव त्यात असते. पण अमुक तारखेला अमुक ठिकाणी या मुलीने गायन केले, अशी एक ओळ कोणी लिहून दिली नाही. आम्हीही नाही. आमच्याच विहारात ती किमान दहा वेळा गायली असेल. मंडळाच्या पत्राने थेट गुण मिळत नाहीत, प्रमाणपत्र शासनमान्य संस्थेचेच लागते, हे खरे. पण ती संस्था तरी कशाच्या आधारावर प्रमाणपत्र देणार? आधार आपणच तयार करायचा होता.

ही नोंद न ठेवण्याची सवय केवळ आळसातून आलेली नाही. गाण्याबद्दल आपल्या समाजाच्या मनात एक जुनी अढी आहे, आणि तिला कारण आहे. गावगाड्यात गाणे-वाजवणे हे आपल्या माणसांसाठी कला नव्हते, ते जातीने लादलेले काम होते. सणाला, मिरवणुकीला वाजवायचे, बदल्यात बलुते किंवा उष्टे घ्यायचे. धर्मांतरानंतर गावोगाव आपल्या लोकांनी ही कामे सोडली आणि त्यासाठी बहिष्कारही सोसले. तमाशाचा प्रश्न तर आणखी दुखरा. पठ्ठे बापूरावांनी महाडच्या सत्याग्रहासाठी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, हा प्रसंग आपल्याकडे सांगितला जातो. ज्या फडावर आपल्याच समाजातल्या स्त्रियांना नाचवले जाते, त्याचा पैसा चळवळीला नको, ही त्यामागची भूमिका. शैलजा पैक यांनी तमाशा, जात आणि स्त्रिया यांवर जे संशोधन केले त्यातून हा सगळा गुंता पुन्हा समोर आला. २०२४ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, तेव्हा आपण सगळ्यांनी अभिनंदनाच्या पोस्ट टाकल्या. पुस्तक किती जणांनी वाचले ते आपले आपल्याला माहीत.

तेव्हा एखादी आजी म्हणते, "गाण्यानं काय होतंय, शिकून साहेब हो," तेव्हा ती मागासलेली नसते. तिने जे पाहिले त्यावरून ती बोलते. मुलगी असेल तर तिचा आवाज आणखी कडक होतो. मुलगी स्टेजवर गाते म्हणजे लोक काय म्हणतील, यामागे तीच तमाशाची आठवण असते. आमच्या अभ्यासिकेत मुले दहावीतही कार्यक्रमांना जातात, मुलींचे गाणे मात्र नववीला बंद होते. ही मुलगी दहावीपर्यंत गात राहिली, ते तिच्या आजोबांमुळे.

पण याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे, आणि तीही आपलीच. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तमाशाचाच साचा घेऊन आंबेडकरी जलसा उभा केला. गणात देवाच्या जागी चळवळ आली, गवळण गेली, वगात सावकार, भटजी आणि शाळेत न जाणारा मुलगा आला. बाबासाहेब आपल्या भाषणांपेक्षा जलशाचा परिणाम मोठा मानत, असे कार्यकर्त्यांच्या पिढ्या सांगत आल्या आहेत. वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत पुणे करार कसा पोचला याचे उत्तर वर्तमानपत्रात सापडणार नाही, ते या जलशांत आहे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक शाळेत गेले नव्हते, अक्षरओळख मोठेपणी झाली, आणि त्यांच्या रचना आज विद्यापीठांत अभ्यासल्या जातात. विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपुरात कार्यक्रमातच कोसळले आणि गेले. रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर जुलै १९९७ मध्ये विलास घोगरे यांनी स्वतःला संपवले. ही माणसे करमणूक करणारी नव्हती. आणि बाबासाहेबांनी स्वतः उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. इतक्या व्यापातून हा माणूस व्हायोलिनला वेळ काढतो, यावर आपण फारसे बोलत नाही.

एका ज्येष्ठ उपासकांनी आम्हाला विचारले होते, अष्टशीलात तर गीत-वाद्यापासून दूर राहायला सांगितले आहे, मग विहारात पेटी कशाला? ते शील उपोसथाच्या दिवशी पाळायचे आहे, रोजच्या पंचशीलात ते नाही. आणि अतिकष्टाने थकलेल्या सोण भिक्खूला तथागतांनी वीणेच्या तारांचे उदाहरण दिले, तार फार ताणली तरी वाजत नाही, फार सैल ठेवली तरी नाही. कारण सोण पूर्वी वीणा वाजवत असे. शिकणाऱ्याला जे येते त्यातूनच शिकवायला सुरुवात करावी, हे शिक्षणशास्त्र आज बी.एड.ला शिकवतात.

आमच्या मते खरा शैक्षणिक मुद्दा इथे आहे. आपल्या वस्तीतल्या ढोलकी वाजवणाऱ्या मुलाला केरवा येतो. तो कितीही वेगात धरतो, सोडतो, गायकाला उचलतो. पण केरवा आठ मात्रांचा आणि दादरा सहा मात्रांचा, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ठेक्याचे बोल त्याने लिहिलेले नसतात. पेटीवर बोटे फिरवणारी मुलगी जी चाल वाजवते त्यात भूपाचे स्वर असतात, पण भूप हा शब्द तिच्यासाठी परका असतो. परीक्षेत मात्र आधी हाच शब्द विचारला जातो. हात आधीच तयार आहेत, फक्त नावे यायची आहेत. चांगला शिक्षक मिळाला तर अशी मुले प्रारंभिक आणि प्रवेशिकेची तयारी क्लासच्या मुलांपेक्षा लवकर करतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. दोन मुलांवरून सिद्धांत मांडायचा नसतो हे मान्य, पण ज्यांना शंका आहे त्यांनी आपल्या वस्तीतल्या एका ढोलकीवाल्या मुलाला घेऊन बघावे.

यावर आपल्यातल्याच काही तरुण मित्रांचा आक्षेप असतो की शास्त्रीय संगीत ही ब्राह्मणी गोष्ट, आपण तिच्या दारात का जायचे? आक्षेप पोकळ नाही. विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, संगीत दरबारातून आणि कोठ्यांतून बाहेर काढून सभ्य घरांतल्या मुलामुलींसाठी खुले केले. ते मोठेच काम होते. पण ज्या 'सभ्य घरां'साठी ते खुले झाले ती कोणती, आणि त्या वाटेत जुने मुसलमान उस्ताद आणि गाणाऱ्या बायका कुठे गेल्या, हा प्रश्न जानकी बखले यांनी आपल्या संशोधनात मांडला आहे. दक्षिणेत टी. एम. कृष्णा यांनी तर कर्नाटक संगीताच्या आत बसून जातीवर बोट ठेवले आणि मृदंग बनवणाऱ्या दलित कारागिरांवर पुस्तक लिहिले. सूर आणि ताल मात्र कोणाच्या मालकीचे नाहीत. सात स्वर आणि सोळा मात्रा शिकल्याने आपला मुलगा ब्राह्मणी होत नाही. इंग्रजी शिकल्याने इंग्रज होतो का? स्वरलिपी आली तर आपल्या आजोबांच्या चाली तो लिहून ठेवू शकेल, हा आमचा लोभ आहे. आज ज्या जुन्या चाली फक्त पाच-सहा म्हाताऱ्यांच्या गळ्यात आहेत, त्या त्यांच्यासोबत जाणार आहेत. जयंतीच्या मिरवणुकीत डीजे आल्यापासून नवीन मुलांच्या कानावर त्या पडतही नाहीत. गायन पार्टीची बिदागी द्यायला पैसे नाहीत म्हणणारी मंडळे डीजेला त्याच्या कितीतरी पट देतात, हेही एकदा बोलून टाकू.

'मार्कांसाठी कला' हेही एक दुखणे आहे. १५ गुण मिळाले की दहावीनंतर तबला माळ्यावर जातो, अशी उदाहरणे सगळीकडे आहेत. बारावीच्या कला शाखेत संगीत विषय घेता येतो, पण तो शिकवणारी कनिष्ठ महाविद्यालये मोजकी, त्यामुळे दहावीनंतर रस्ता आपोआप संपतो. तरीही गुण रद्द करा असे आम्ही म्हणणार नाही. गुण रद्द झाले तर क्लासवाल्या मुलाचे काही जात नाही, त्याचे शिक्षण त्याच्याकडे राहते. आपल्या मुलाच्या हातून मात्र एक दार जाते, जे अजून नीट उघडलेलेच नाही.

मग मागायचे काय? पहिली गोष्ट, रेखाकला परीक्षेसारखी शासकीय संगीत परीक्षा. शाळेतून फॉर्म, नाममात्र फी, तालुक्याला केंद्र. अभ्यासक्रमात तबला-पेटीच्या जोडीला ढोलकी, हलगी, संबळ ही वाद्ये असावीत. हलगी शिकवायला पदवीधर मिळणार नाही हे उघड आहे. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, तिथून बाहेर पडलेली मुले आणि गावोगावचे जुने वादक यांना निदेशक म्हणून नेमता येईल. ज्याने आयुष्यभर हलगी वाजवली त्याला शाळेत 'सर' म्हणून प्रवेश मिळणे, ही गोष्ट दहा गुणांपेक्षा मोठी आहे. तेव्हा हलगी वाजवणे पुन्हा जातीचे काम होणार नाही, कारण वर्गात ती सगळ्या जातींची मुले वाजवतील.

दुसरी गोष्ट सरकारकडे मागायची नाही, आपणच करायची. जिथे जिथे आपली मुले गातात-वाजवतात, तिथे मंडळाने तारीख, ठिकाण, कार्यक्रमाचे नाव आणि मुलाचे पूर्ण नाव लिहून, सही-शिक्क्यासह पत्र त्याच दिवशी द्यावे. पत्रिकेत 'व इतर' लिहू नये. आणि लोककलेच्या अर्जात आपल्या मुलाने भजन किंवा पोवाडा असे दुसरे नाव घेऊन बसू नये. तो आंबेडकरी जलसा गातो, तर रकान्यात जलसाच लिहावे. अधिकारी विचारील, हे काय? मग सांगावे.

एक इशारा द्यायला हवा. लोककलेच्या नावाखाली न केलेल्या प्रयोगांची प्रमाणपत्रे मिळवून देतो असे सांगणारे कोणी भेटले, तर तिकडे फिरकू नये. आपल्या मुलांनी खरोखर पन्नास कार्यक्रम केलेले असतात. त्यांना खोट्या कागदाची गरज नाही, आणि एकदा खोटे सापडले की खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

आम्ही आमच्या विहारात दर रविवारी सकाळी वंदनेनंतर दीड तासाचा वर्ग सुरू केला आहे. शहरातले एक तबला शिक्षक येतात, आमच्या समाजाचे नाहीत, रिक्षाभाड्यापलीकडे काही घेत नाहीत. त्यांच्या शेजारी त्या मुलीचे आजोबा ढोलकी घेऊन बसतात. पहिल्या दोन रविवारी दोघांत वादच झाला. सर म्हणायचे आधी बोल म्हणा, आजोबा म्हणायचे आधी हात पडू द्या. आता सर बोल लिहून देतात आणि आजोबा ते वाजवून दाखवतात. सोळा मुले येतात, त्यात सात मुली आहेत. चौघे सहावीत आहेत, म्हणजे त्यांच्याकडे दहावीपर्यंत चार वर्षे आहेत. ती मुलगी आता अकरावीत, तिला या गुणांचा काही उपयोग नाही. कॉलेजच्या दोन बसमधून वेळ काढून लहान मुलींना पेटी तीच शिकवते.

पाठ्यक्रम आणि वाढीव गुणांसंबंधी मंडळाची परिपत्रके दरवर्षी येतात, प्रस्तावाची मुदत त्यात असते. पालकांनी दिवाळीच्या आधी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना ती तारीख विचारावी आणि लिहून घ्यावी. पालकांना शाळेत जायला संकोच वाटत असेल तर कार्यकर्त्याने सोबत जावे. नववीत असलेल्या मुलांची यादी आत्ताच करायला घ्यावी, कारण त्यांच्या हातात अजून एक जयंती आहे.